मसल कारला टायर घालताना आधी ओळंबा, मग पांढरी अक्षरं

माझी १९६९ची शेव्हरोले कॅमॅरो मी डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरातून, वर्षानुवर्षं बंद असलेल्या गराजमधून घेतली. तिचे चारही टायर नवे दिसत होते. नक्षी खोल, पांढरी अक्षरं स्वच्छ, साच्यातून निघताना राहतात त्या रबराच्या बारीक मिशासुद्धा शाबूत. विकणारा म्हणाला, "टायरला हात लावायची गरजच नाही." मीही तशीच चाळीस मैल चालवत घरी आणली. आठवड्याभराने गाडीखाली आडवा होऊन टायरवरची तारीख वाचली, तर ती तीन आकडी निघाली. तीन आकडी तारीख म्हणजे टायर २००० सालाच्या आधीचा. साईडवॉलला, म्हणजे टायरच्या उभ्या भिंतीला, आतल्या बाजूने, उभ्याने कधीच दिसणार नाहीत अशा जागी, नख शिरेल एवढ्या भेगा पडलेल्या होत्या.

मग मी हौसेने नवे टायर आणि मागची दोन रुंद व्हील्स घेतली, आणि तीही चुकली. ती गोष्ट पुढे येईलच.

पिंपरी-चिंचवडहून इकडच्या गाड्यांच्या कंपन्यांत आलेल्यांपैकी काहींना पन्नाशीच्या आसपास जुन्या मस्टँगचं किंवा शेव्हेलचं वेड लागतं. गाडी घेतली की "टायर कुठले घालू रे?" हा फोन ठरलेला. खाली लिहिलेलं सगळं १९६४ ते १९७२ या काळातल्या अमेरिकन मसल कारसाठी, म्हणजे मोठं व्ही-८ इंजिन घातलेल्या जोरकस गाड्यांसाठी आहे. उदाहरणं कॅमॅरोची जास्त येतील, कारण हात तिच्यावरच काळे झालेत.

गाडी दाखवायची, फिरवायची की पळवायची?

दुकानात शिरण्याआधी याचं खरं उत्तर स्वतःला द्या. बहुतेकांचं उत्तर "तिन्ही" असतं आणि पैसे तिथेच वाया जातात.

दर नोव्हेंबरात शिकागोजवळ रोझमाँटला मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स हे प्रदर्शन भरतं. तसल्या ठिकाणी परीक्षक गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे का हे बघतात, त्यात टायरचं नाव, आकार आणि पट्टीचा रंगही आला. गाडी अशा स्पर्धेला न्यायची असेल तर पर्याय एकच: त्या काळच्या साच्याबरहुकूम आज बनवलेले बायस-प्लाय, म्हणजे तिरप्या दोऱ्यांच्या जुन्या बांधणीचे टायर. गुडइयर पॉलिग्लास, फायरस्टोन वाइड ओव्हल अशी नावं त्यांवर असतात. टेनेसीतल्या चॅटनूगाची कोकर टायर १९५८पासून जुन्या गाड्यांच्या टायरच्या धंद्यात आहे. हे टायर महाग असतात आणि रस्त्यावर जुन्या टायरसारखेच वागतात. मुद्दाम तसेच बनवलेले आहेत ते.

रविवारी सकाळी कॉफीला जायचं, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरच्या ड्रीम क्रूझमध्ये हळूहळू मिरवायचं, कधीमधी हायवेवर घ्यायची, एवढंच करणार असाल तर १४ किंवा १५ इंची रेडियल, म्हणजे आजच्या गाड्यांना असतात त्या बांधणीचे टायर घ्या. बीएफगुडरिच रेडियल टी/ए आणि कूपर कोब्रा रेडियल जी/टी ही दोन नावं वारंवार ऐकू येतील. दोन्ही दिसतात जुन्या धाटणीचे, चालतात बऱ्यापैकी आजच्यासारखे. माझ्या मते दहातल्या आठ गाड्यांना हेच योग्य.

तिसरा प्रकार वळणांवर गाडी जोरात पळवणाऱ्यांचा, ऑटोक्रॉसला, म्हणजे शंकू मांडून घड्याळ लावलेल्या शर्यतीला जाणाऱ्यांचा. इथे १५ इंच विसरा. चांगल्या पकडीचे आधुनिक टायर १५ इंचात फारच थोडे मिळतात; निवड खरी सुरू होते १७ आणि १८ इंचापासून. मग व्हील्स बदलणार, बहुधा ब्रेकही बदलतील, आणि गाडीचं रूप पालटेल. काहींना ते आवडतं. मला चिनार कापून गुलमोहर लावल्यासारखं वाटतं, पण गाडी तुमची आहे.

तारीख वाचा, नक्षी नंतर बघा

साईडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे ही तारीख. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२वा आठवडा. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असली तरी चालते, त्यामुळे ती नेमकी आतल्या बाजूला गेलेली असू शकते. अशा वेळी आडवं व्हा, टॉर्च मारा, पण वाचाच.

जुन्या गाड्यांचे टायर झिजून नाही, वयाने मरतात. रबरात ओझोनपासून वाचवणारी द्रव्यं आणि मेण मिसळलेलं असतं. टायर फिरतो, दबतो, ताणला जातो तसं ते मेण पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीत हे घडत नाही. म्हणूनच वर्षाला पाचशे मैल चालणाऱ्या गाडीचा टायर रोज धावणाऱ्या टायरपेक्षा देखणा दिसतो आणि आतून लवकर ठिसूळ होतो. २०१३ साली अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शमध्ये गेला तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात मुख्य दोष बेफाम वेगाचा ठरला, पण टायरच्या वयाचाही उल्लेख झाला.

मिशलिन पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांना टायर बाद, असं सांगते. कित्येक गाडीउत्पादक सहा वर्षांवरच थांबतात. मी स्वतः सहाव्या वर्षापासून दर हिवाळ्यात चाकं उतरवून दोन्ही बाजू बघतो आणि आठव्या वर्षी टायर बदलतो, मग नक्षी कितीही उरलेली असो. नवे टायर मागवतानाही दुकानदाराला तारीख विचारा. कमी खपाचे आकार गोदामात दोन-तीन वर्षं पडून राहिलेले असू शकतात. चारही टायर एकाच सुमाराचे घ्या.

आणि डिकीतली मूळ स्टेपनी शोभेपुरती ठेवा. पन्नास वर्षांच्या टायरवर गाडी चालवायची नाही, अगदी "जवळच्या पंपापर्यंत" सुद्धा नाही.

जुन्या आकारांची भाषा

१९६४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओवर ७.५०-१४ असा आकार होता: रुंदी साडेसात इंच, रिम १४ इंची, बास. टायर किती उंच ते यात सांगितलेलंच नाही.

मग साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अक्षरांची पद्धत आली. एफ७०-१४ यातला एफ रुंदी सांगत नाही, तो भाराचा वर्ग आहे. ३२ पीएसआय हवेला एफ वर्गाचा टायर १,५०० पाउंड, म्हणजे साधारण ६८० किलो पेलायचा. ई त्याहून कमी, जी त्याहून जास्त. ७० म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या ७० टक्के. १९६७च्या कॅमॅरो एसएसला डी७०-१४ होते, १९६९च्या कॅमॅरो झेड/२८ला ई७०-१५, बॉस ३०२ मस्टँगला एफ६०-१५. तीन वर्षांत टायर किती रुंद आणि बुटके झाले ते या आकड्यांवरूनच दिसतं.

आजच्या मापात (आधी मिलिमीटरमधली रुंदी, मग टक्केवारी, आर म्हणजे रेडियल, शेवटी रिमचे इंच) जवळचे जोड असे धरतात:

ई७०-१४ ला २०५/७० आर १४
एफ७०-१४ ला २१५/७० आर १४
जी७०-१४ ला २२५/७० आर १४
एफ६०-१५ ला २३५/६० आर १५
जी६०-१५ ला २४५/६० आर १५

हे जोड तंतोतंत नसतात, "जवळचे" हाच शब्द बरोबर. म्हणून तक्त्यावर न थांबता पुढचा हिशेब स्वतः करा.

उंचीचा हिशेब: कागद-पेन्सिल पुरते

रुंदी गुणिले टक्केवारी म्हणजे एका बाजूची साईडवॉल. ती दुप्पट करा आणि रिमचे इंच गुणिले २५.४ त्यात मिळवा.

२३५/६० आर १५ घेऊ. २३५ चे ६० टक्के १४१ मिलिमीटर, दुप्पट २८२. पंधरा इंच म्हणजे ३८१. एकूण ६६३ मिलिमीटर, साधारण २६.१ इंच. २१५/७० आर १४ ची उंची याच रीतीने सुमारे ६५७ येते. फरक सहा मिलिमीटर. म्हणजे १४ वरून १५ इंची रिमवर गेलात तरी मडगार्डखाली चाक तेवढंच भरलेलं दिसेल.

ही उंची दिसण्याहून जास्त महत्त्वाची आहे गिअरिंगसाठी. समजा मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.७३ आहे (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे ३.७३ फेरे) आणि चार गिअरच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट, एकास एक. ६६३ मिलिमीटरच्या टायरवर ताशी ६५ मैलाला इंजिन सुमारे ३,१०० फेरे घेतं. गाडी कानाशी ओरडत असते; शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायला आवाज चढवावा लागतो. आता मागे २७५/६० आर १५ घातले, उंची ७११, तर त्याच वेगाला २,९०० फेरे. म्हणजे अ‍ॅक्सल न उघडता ३.७३ चं जवळपास ३.४८ झालं. हायवेवर निवांत वाटतं, सिग्नलवरून सुटताना मात्र गाडी तेवढीच मंदावलेली जाणवते.

आणि स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो. त्याची केबल गिअरबॉक्समधून येते, टायर बदलल्याचं तिला कळत नाही. वरच्या उदाहरणात काटा ६५ दाखवेल तेव्हा गाडी जवळपास ७० ने धावत असेल. पोलिसाला हा हिशेब समजावून सांगत बसण्यापेक्षा गिअरबॉक्समधला स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिकचा गिअर बदला. बऱ्याच गाड्यांत ते काम अर्ध्या तासाचं असतं.

मागे उंच आणि पुढे बुटके टायर ही जुनी हौस आहे, त्यात चूक काही नाही. फक्त मागच्या दोन चाकांची उंची एकसारखीच हवी. पॉझिट्रॅक्शनसारखा मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल असेल आणि दोन बाजूंना वेगवेगळ्या उंचीचे टायर असतील, तर आतल्या क्लच प्लेट सरळ रस्त्यावरही घासत राहतात.

रुंदी: इथेच मी फसलो

रिमची रुंदी मोजताना टायरची कड जिथे बसते त्या दोन जागांमधलं अंतर धरतात. १५ बाय ७ चं व्हील बाहेरून मोजलं तर एकूण आठ इंच भरतं, १५ बाय ८ चं नऊ. हे न कळल्याने बरेच घोटाळे होतात.

दुसरं माप बॅकस्पेसिंग. व्हील जमिनीवर उलटं ठेवा, आतली कड वर. कडेवर आडवी पट्टी ठेवा आणि तिथून खाली, व्हील ज्या पृष्ठभागावर हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या चकतीला) टेकतं तिथवर मोजा. आलं ते बॅकस्पेसिंग. आठ इंच एकूण रुंदीच्या व्हीलला ते चार असेल, तर टायरचा मध्य नेमका हबच्या पृष्ठभागावर येतो. २३५ रुंदीचा टायर सव्वानऊ इंचाचा. तो आतही सुमारे ४.६ इंच जातो आणि बाहेरही तेवढाच.

माझ्या गाडीला मागे हेच होतं आणि छान बसत होतं. मला ते किडकिडीत वाटलं. मग मी २५५/६० आर १५ घेतले आणि जुन्या बाजारातून १५ बाय ८ ची व्हील्स आणली. बॅकस्पेसिंग साडेचार हवं होतं, ती निघाली चारची. अर्ध्या इंचाने काय होतंय, म्हटलं. आता हिशेब बघा. आठ इंची रिमवर २५५ चा टायर साधारण १०.२ इंच फुगतो, म्हणजे अर्धा ५.१. त्यात मध्य अर्धा इंच बाहेर सरकलेला. टायर हबपासून ५.६ इंच बाहेर आला, आधीपेक्षा पूर्ण एक इंच जास्त. रिकामी गाडी गल्लीत फिरवली तेव्हा काही जाणवलं नाही. शनिवारी दोन्ही पोरं मागच्या सीटवर बसली, पहिल्याच स्पीडब्रेकरला खर्रकन आवाज आला, आणि मडगार्डच्या कडेने टायरच्या खांद्यावरून साल काढल्यासारखी पट्टी काढली. धाकटा म्हणाला, "बाबा, गाडीला ढेकर आली." नवा टायर, अकरा मैल चाललेला.

तेव्हा गाडी मोजल्याशिवाय टायर मागवू नका. मोजायची रीत अशी.

गाडी सपाट जागी घ्या. जॅकने उचलून स्टँड मागच्या अ‍ॅक्सलखाली आणि पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली लावा, चौकटीखाली नको. वजन स्प्रिंगांवरच राहिलं पाहिजे, नाहीतर चाक लोंबकळेल आणि सगळी मापं खोटी येतील. चाक काढा. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा. गवंड्याचा पितळी मिळाला तर उत्तम, नाहीतर दोरीला नट बांधा. हबच्या पृष्ठभागापासून ओळंब्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे बाहेरची जागा. हबपासून आत जे पहिलं आडवं येतं तिथवरचं अंतर म्हणजे आतली जागा; कॅमॅरोत मागे ते बहुधा लीफ स्प्रिंग किंवा आतलं मडगार्ड असतं. दोन्हींतून निदान अर्धा इंच वजा करा. लीफ स्प्रिंगवरचा अ‍ॅक्सल वळणात बाजूला सरकतो, त्याची ही सोय.

मग हेच दुसऱ्या बाजूला करा. कंटाळा येईल, तरी करा. या गाड्या कारखान्यातूनच थोड्या तिरप्या निघायच्या. अ‍ॅक्सल एका बाजूला पाव-अर्धा इंच सरकलेला असणं नवल नाही. जी बाजू अरुंद तिचं माप खरं. पुढे आणखी एक काम: स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून चाकाच्या मागच्या-पुढच्या कडा कुठे लागतात ते बघणं.

कॅमॅरोच्या पहिल्या पिढीला चारही बाजूंना १५ बाय ७ वर २३५/६० हे निर्धोक माप समजलं जातं. मागे २५५/६० हवेच असतील तर १५ बाय ८, साडेचार इंच बॅकस्पेसिंग. १७ इंचात पुढे २४५/४५ आणि मागे २७५/४० घालणारे खूप आहेत, पण २७५ साठी मडगार्डची आतली कड दुमडावी लागण्याची तयारी ठेवा. पॉवर स्टिअरिंग नसेल तर पुढे २३५ हीच माझी हद्द. पार्किंगमध्ये खांद्यांची परीक्षा होते.

टायर रिमला जुळतो का तेही पाहा. प्रत्येक टायरला कमाल-किमान रिमरुंदी ठरलेली असते. २३५/६० ला साडेसहा ते साडेआठ इंच चालते, २७५/६० ला किमान साडेसात. सहा इंची जुन्या रॅली व्हीलवर २५५ कोंबला तर तो फुग्यासारखा गोल होतो आणि नक्षीचा मधलाच भाग रस्त्याला टेकतो.

व्हीलचे बोल्टही एकसारखे नसतात. जनरल मोटर्सच्या या गाड्यांना पाच बोल्ट, पावणेपाच इंची वर्तुळात. फोर्ड आणि बहुतेक मोठ्या क्रायस्लर गाड्यांना साडेचार इंची. आणि मूळ ड्रम ब्रेकसाठी बनलेलं १४ इंची व्हील डिस्क ब्रेकच्या कॅलिपरवर बसेलच असं नाही. ब्रेक बदलायचा विचार असेल तर टायर त्यानंतर घ्या.

भार आणि वेग

हा भाग पटकन संपतो. आकारानंतर ९८एस असं काही लिहिलेलं असतं. ९८ म्हणजे एका टायरला ७५० किलो, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, ११२ मैल. टी १९० चा, एच २१० चा, व्ही २४० चा. साधारण दीड टनाच्या कॅमॅरोला भाराची अडचण येत नाही. वेगाची येऊ शकते: जुन्या धाटणीचे १५ इंची रेडियल बहुतेक एस किंवा टी असतात, आणि बोनेटखाली मोठं व्ही-८ असेल तर गाडी टायरच्या पुढे जाऊ शकते. ती क्षमता वापरायची असेल तर परत पहिल्या प्रश्नावर जा.

ट्रेडवेअरचा आकडाही दिसेल, ४०० वगैरे. तो टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ ७,२०० मैल टायर पळवून काढतात. मोठा आकडा म्हणजे टिकाऊ, आणि बहुधा कडक रबर. वर्षाला हजार मैलही न चालणाऱ्या गाडीला टिकाऊपणाचं काय करायचंय? टायर वयानेच जाणार आहे. दोन टायर तोलताना मी कमी ट्रेडवेअरचा, मऊ टायर घेतो.

रेडियल की बायस-प्लाय

ज्यांनी घरच्या अ‍ॅम्बॅसडरचे ५.९०-१५ किंवा पद्मिनीचे ५.२०-१४ नायलॉनचे टायर चालवलेत, त्यांना बायस-प्लाय ठाऊक आहे, फक्त या नावाने नाही. दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत घातलेले. साईडवॉल आणि नक्षी एकजीव असल्याने वळणात साईडवॉल वाकली की नक्षीही उचलली जाते. रस्त्यावरच्या चाकोऱ्या टायरला ओढतात, गाडी सरळ रस्त्यावरही हुंगत हुंगत चालते. रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिले दोन मैल धडधड. रेडियलमध्ये दोरे काटकोनात जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टा असतो. साईडवॉल आपली वाकते, नक्षी रस्त्यावर सपाट राहते. मिशलिनने याचं पेटंट १९४६ साली घेतलं, पण अमेरिकन गाड्यांना वेळ लागला. १९७०च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क थ्रीवर रेडियल आले ती नवलाई होती. म्हणजे तुमची मसल कार बायस-प्लायच्याच हिशेबाने बांधलेली आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, दोन्ही प्रकार एका गाडीवर मिसळायचे नाहीत. पुढे रेडियल आणि मागे बायस-प्लाय हे तर कधीच नाही. पुढची चाकं रस्ता धरतील, मागची सुटतील, आणि पावसात गाडी स्वतःभोवती फिरेल.

दोन, रेडियल घातले की अलाइनमेंट नव्या आकड्यांवर करा. कारखान्याच्या जुन्या पुस्तकात कॅस्टर (स्टिअरिंगचा अक्ष मागे किती कललाय) शून्य ते अर्धा अंश असा काहीतरी असतो, कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय) किंचित धन. ते आकडे बायस-प्लायसाठी होते. रेडियलसाठी पॉवर स्टिअरिंग असल्यास कॅस्टर तीन अंश किंवा सस्पेन्शन देईल तेवढा अधिक, नसल्यास एक-दोन. कॅम्बर शून्य ते उणे अर्धा. टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे किती वळलीत ते, सोळांश ते अष्टमांश इंच. साखळी दुकानातला तरुण मुलगा संगणकावर १९६९ची कॅमॅरो निवडतो आणि पडद्यावर हिरवं दिसलं की गाडी परत करतो. म्हणून आकडे चिठ्ठीवर लिहून हातात द्या, आणि वरच्या आर्मच्या चकत्या बदलणारा जुना माणूस शोधा. "रेडियल घातले तरी गाडी भटकते" या तक्रारीमागे मला बहुतेक वेळा जुनं अलाइनमेंट नाहीतर सैल झालेला स्टिअरिंग बॉक्स सापडलाय.

पट्टी, अक्षरं आणि वाद

आता हौस. १९६०च्या मध्यावर लाल पट्टी जोरात होती. जीटीओच्या यूएस रॉयल टायगर पॉमुळे ती गाजली. उठावदार पांढरी अक्षरं आली १९६९-७०च्या सुमारास. त्यामुळे १९६५च्या गाडीवर मोठी पांढरी अक्षरं काळाशी जुळत नाहीत. मेळ्यात एखादा आजोबा ते सांगायला येईल, ऐकून घ्या. अक्षरं नको असतील तर टायर उलटा बसवून काळी बाजू बाहेर घेता येते. काही रंगांना ते जास्त शोभतं, गडद हिरव्याला तर फारच. नव्या पांढऱ्या अक्षरांवर निळा थर असतो तो साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने धुवा. चकाकीचे तेलकट फवारे मारू नका, पांढरं रबर पिवळं पडतं.

बसवायच्या दिवशी

डॉज किंवा प्लिमथ असेल आणि ती १९७० किंवा त्याआधीची, तर डावीकडच्या चाकांचे आटे बहुधा उलटे असतात. बोल्टच्या टोकावर एल कोरलेला दिसेल. दुकानातल्याला आधीच सांगा, नाहीतर तो एअर गन लावून "घट्ट झालाय" म्हणत बोल्ट तोडेल. खरं तर या गाड्यांचे नट हातपान्याने सैल करून टॉर्क पान्यानेच आवळावेत, पुस्तकातल्या आकड्यावर, आणि पन्नास-शंभर मैलांनी पुन्हा तपासावेत.

टायर उतरवल्यावर जुन्या रिमच्या कडेचा गंज घासून घ्या, नाहीतर हवा झिरपत राहील. झिरपतेय म्हणून रेडियलमध्ये ट्यूब घालू नका. हवेचा वॉल्व्ह नवा घ्या. बॅलन्सिंग करताना जुनी व्हील्स मधल्या भोकावर नव्हे, बोल्टच्या भोकांवर मध्य साधतात हे लक्षात ठेवा; मशिनवरही तसंच पकडायला सांगा. मला एकदा ५५ मैलांना स्टिअरिंग थरथरण्याचं कारण एवढंच निघालं होतं.

हवा. डिकीवरचं किंवा दारावरचं मूळ लेबल २४ ते २८ पीएसआय सांगेल. ते बायस-प्लायचं. रेडियलला ३२ पासून सुरू करा. या प्रकारच्या बऱ्याच टायरची कमाल मर्यादा ३५ असते, ती साईडवॉलवर छापलेली असते. मग नक्षीवर आडवी खडूची रेघ ओढा आणि सरळ रस्त्यावर शंभर-दोनशे फूट हळू चालवा. रेघ मधेच पुसली गेली तर हवा जास्त, कडांनाच पुसली गेली तर कमी. पुढे इंजिनाचं वजन असल्यामुळे पुढच्या-मागच्यांत दोन पाउंडांचा फरक निघू शकतो.

मिशिगनमध्ये नोव्हेंबरपासून रस्त्यावर मीठ पडतं आणि गाडी एप्रिलपर्यंत आत जाते. ठेवण्याआधी कमाल मर्यादेच्या आत राहून हवा थोडी वाढवा. १७-१८ इंचांचे उन्हाळी, मऊ टायर असतील तर गराज गोठणबिंदूखाली जातंय का ते बघा. कडक थंडीत असलं रबर हलवलं तर तडकतं, म्हणून त्या दिवसांत गाडी पुढे-मागेही करू नका. एप्रिलमध्ये बाहेर काढाल तेव्हा पहिली पाच-दहा मैलं थडथड जाणवेल. टायर गरम झाले की ती जायला हवी. वीस मैलांनंतरही तशीच असेल तर चाकं उतरवा आणि सपाट जागा हाताने चाचपून बघा.